बेहेरेबाईंचा राग

‘आपला पासवर्ड कुणालाही सांगू नका’ अशी पाटी आता प्रत्येक बँकेत असते. पाटीवर टाय लावलेला एक माणूस ओठांवर बोट ठेवून हसत असतो. मला त्या माणसाचा राग येतो. निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली. पेन्शनच्या कामाला अधूनमधून शाखेत जातो, आणि दर वेळी त्या पाटीच्या तळाशी असलेली बारीक अक्षरं वाचून माझं डोकं फिरतं. ग्राहकाच्या चुकीमुळे झालेल्या नुकसानीला बँक जबाबदार राहणार नाही. ही बारीक अक्षरं मोठ्याने वाचायला लावणारी एक बाई रत्नागिरीच्या आमच्या शाखेत होती. तिचं पुढे काय केलं गेलं, ते मी जवळून पाहिलं आहे. म्हणून राग येतो.

कुमुद बेहेरे. शाखेत संगणक आले त्याच सुमाराला, अठ्ठ्याण्णव साली, त्या आमच्याकडे अधिकारी म्हणून आल्या. मी कॅशला होतो. त्यांचं माहेर हेदवीचं, सासर इथलंच. नवरा पॉलिटेक्निकला शिकवायचा, मुलगी लहान होती. बाई बारीक चणीच्या, कडक इस्त्रीची सुती साडी, हातात पुरुषी घड्याळ, आणि आवाज असा की काउंटरवरची रांग आपोआप सरळ व्हायची. त्या उठसूट ओरडायच्या. प्रिंटरवर, पंख्यावर, माझ्यावर. ओरडून झालं की त्याच माणसापुढे आपला डबा सरकवायच्या, “घे, थालीपीठ आहे. गार झालं तर चिवट लागेल.”

हे ओरडणं म्हणजे त्यांचा राग नव्हेच, हे आम्हाला हळूहळू कळलं. खरा राग आला की त्यांचा आवाज खाली यायचा आणि समोरच्याला त्या ‘आपण’ म्हणू लागायच्या. ‘आपण’ ऐकू आलं की शाखेत सगळ्यांच्या माना आपापल्या कामात जायच्या.

पहिल्यांदा ते ‘आपण’ आमच्या मॅनेजरच्या, देसाईसाहेबांच्या वाट्याला आलं. संगणकावर एकाने व्यवहार भरायचा आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करायचा, अशी रचना होती. प्रत्येकाला आपापला पासवर्ड. पण थोड्याच दिवसांत सगळ्यांचे पासवर्ड सगळ्यांना पाठ झाले. साहेबांचा तर मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीने डकवलेला होता. फक्त बाईंचा कुणाला माहीत नव्हता. त्या पाणी प्यायला उठल्या तरी पडदा बंद करून उठायच्या. एका सोमवारी, ऐन गर्दीत, त्या डबा घेऊन निघाल्या तसे साहेब म्हणाले, “बेहेरेबाई, पासवर्ड सांगून जा. तुमच्या नावावर एंट्र्या पास करून टाकतो.”

“कशाला? मी येते की जेवून.”

“अहो, लोक खोळंबलेत. पासवर्डच मागतोय, तुमची सही नाही मागत.”

बाई थांबल्या. आवाज खाली आला. “आपण सहीच मागताय साहेब. त्या पासवर्डने जे होईल ते मी केलं असं धरलं जाईल. कोरी सही मी माझ्या नवऱ्यालाही दिलेली नाही.”

रांगेतली माणसं हसली. साहेब लाल झाले. बाईंनी डबा पिशवीत परत ठेवला, खुर्चीत बसल्या आणि गर्दी संपेपर्यंत स्वतः एंट्र्या तपासत राहिल्या.

काही महिन्यांनी जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका शाखेत तशीच कुणाच्या तरी पासवर्डवर भलतीच रक्कम काढली गेली. जिचा पासवर्ड होता ती बाई तेव्हा जेवायला गेली होती. ती निलंबित झाली. देसाईसाहेबांनी त्या दिवशी गुपचूप चिकटपट्टी खरवडून काढली. आम्हाला वाटलं, बेहेरेबाई आता टेचात म्हणतील, बघा मी सांगत होते. तसं काही झालं नाही. संध्याकाळी मला म्हणाल्या, “साळवी, घरी कोण बसलं? जी जेवायला गेली ती. पासवर्ड ठेवून जा असं तिला रोज सांगणारे कुठे आहेत? खुर्चीत.”

बाईंचा राग असा कायम जिन्याने वर चढायचा. खाली उभ्या असलेल्या माणसावर तो सहसा पडत नसे. शाखेबाहेर एटीएम बसलं तेव्हा लांज्याकडचा एक म्हातारा दर महिन्याला यायचा आणि कार्ड सरळ रखवालदाराच्या हातात द्यायचा, नंबरही सांगायचा. रखवालदार बिचारा इमानी होता, पैसे मोजून द्यायचा. बाईंनी हे काचेतून पाहिलं आणि तरातरा बाहेर गेल्या. म्हाताऱ्याला आता चांगलंच फैलावर घेणार, असं मला वाटलं.

“आजोबा, तुम्ही का नाही दाबत बटणं?”

“माका काय कळता गो बाय? सगळा विंग्रजी.”

बाईंनी यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं. खरोखरच सगळं इंग्रजीत होतं. मग त्यांनी रखवालदाराला रस्त्याकडे तोंड करून उभं केलं, आणि कुठल्या बटणानंतर कुठलं हे आजोबांकडून घोटून घेतलं. नंबर दाबायच्या वेळी स्वतःही पाठ फिरवली. “मलासुद्धा दिसता कामा नये. मी कोण? बँकेची बाई. बँकेच्या बाईलाही सांगायचा नाही.” पुढे कित्येक महिने त्या मराठी पडद्यासाठी मुख्य कार्यालयाला लिहीत होत्या. उत्तर आलं नाही. शेवटी फोन लावून त्यांनी विचारलं, “रत्नागिरीतली माणसं कुठल्या भाषेत पैसे काढतात असं आपल्याला वाटतं?”

मग आलं इंटरनेट बँकिंग. शहरात चौकाचौकात सायबर कॅफे निघाले होते, बागायतदारांची मुलं पुण्या-मुंबईहून घरी संगणक पाठवत होती, आणि वरून फर्मान सुटलं, की प्रत्येक शाखेने इतक्या ग्राहकांना इंटरनेटवर आणायचंच. खातं जोडणाऱ्याला छत्री फुकट. देसाईसाहेब आल्यागेल्याच्या हातात छत्री ठेवत होते. बाईंच्या टेबलावर मात्र माणसाला आधी प्रश्न. “खातं उघडणार कुठून? सायबर कॅफेतून? मग नको. त्या संगणकावर तुमच्या आधी कोण बसला होता, त्याने आत काय पेरून ठेवलंय, मला ठाऊक नाही, तुम्हाला ठाऊक नाही.” ज्याच्या घरी संगणक असेल त्याला समोर बसवायच्या आणि बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ता त्याच्या हाताने टाइप करून घ्यायच्या. “हा रस्ता. दर वेळी स्वतः टाइप करून यायचं. ईमेलमध्ये कुणी दार उघडून दिलं तर त्या दाराने आत जायचं नाही. मग ते दार कितीही आपल्या बँकेसारखं दिसो.”

लोकांना त्यांचा जाच वाटायचा. साहेबांनाही वाटायचा, कारण आमचा आकडा जिल्ह्यात सगळ्यात खाली होता.

आणि एके दिवशी आमच्या बँकेचीच ईमेल सगळ्या ग्राहकांना गेली. नवी योजना, आकर्षक व्याज, माहिती भरण्यासाठी इथे क्लिक करा. बाईंनी ती पाहिली आणि तिथूनच मुंबईला मुख्य कार्यालयात फोन लावला. शाखा भरलेली होती, पण सगळ्यांना ऐकू जात होतं, कारण सगळेच गप्प झाले होते.

“मी इथे घसा फोडून सांगते, ईमेलमधून आत जाऊ नका. आणि आपण बँकेचं बोधचिन्ह लावून सांगता, इथून आत या. उद्या चोराने अशीच ईमेल पाठवली, तर माणसाने दोन्हींतला फरक कसा ओळखायचा? नाही, आपण सांगा. मी लिहून घेते.”

पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे. बाईंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, “हसला मेला.”

त्यानंतरच्या आंब्याच्या हंगामात ते घडलंच.

प्रभाकर तोडणकर म्हणजे भाट्याचा पूल ओलांडून गेलं की गोळपच्या सड्यावर, तिथल्या कातळी माळावर, ज्यांची कलमांची बाग होती ते. साधा, हसतमुख माणूस. दलालाच्या कचाट्यातून सुटायचं म्हणून त्यांनी पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना परस्पर पेट्या पाठवायला सुरुवात केली होती. गिऱ्हाईक आगाऊ पैसे खात्यात भरायचं, तोडणकर घरच्या संगणकावर बघायचे आणि पेटी रवाना करायचे. बाईंनीच त्यांना शिकवलं होतं. चैत्रातल्या एका सकाळी ते शाखेत आले तेव्हा पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

“म्याडम, खात्यात कायच नाय ओ.”

त्यांना आदल्या दिवशी ईमेल आली होती. आपली माहिती अद्ययावत करा, अन्यथा खातं बंद होईल. ऐन हंगामात खातं बंद झालं तर, या भीतीने त्यांनी क्लिक केलं. पुढे आमच्या बँकेचं पान, आमचंच बोधचिन्ह, आमचाच निळा रंग. त्यांनी पासवर्ड भरला. व्यवहाराचा दुसरा पासवर्ड होता, तोही भरला. काही तासांत गिऱ्हाइकांचे आगाऊ पैसे आणि घरची शिल्लक, सगळं गेलं.

बाई त्यांना एक शब्द बोलल्या नाहीत. आधी त्यांचा पासवर्ड बंद केला, मग पैसे कुठे गेले ते शोधलं. दोन खात्यांत गेले होते, आणि ती दोन्ही खाती आमच्याच बँकेची होती, दुसऱ्या राज्यातल्या एका शहरात. बाईंनी त्या शाखेला फोन लावला. तिथले साहेब जागेवर नव्हते. दुसऱ्याने सांगितलं, लेखी पाठवा. फॅक्स पाठवला. कागद पुसट आलाय म्हणाले. पुन्हा पाठवला. क्षेत्रीय कार्यालयाची परवानगी लागेल म्हणाले. मी समोर उभा राहून हे सगळं ऐकत होतो आणि माझ्या हाताच्या मुठी वळत होत्या. बाई फोनवर म्हणत होत्या, “अहो, चोर आपल्या घरात आहे, नुसती कडी लावा! बाकीचं मागाहून बघू!” संध्याकाळी कडी लागली तेव्हा एक खातं एटीएममधून रिकामं झालेलं होतं. दुसऱ्यात थोडे पैसे उरले होते.

चौकशीला क्षेत्रीय कार्यालयाचा एक अधिकारी आला. तरुण, सुगंधी, बोलायला अत्यंत गोड. त्याने मराठीत एक निवेदन टाइप करून आणलं होतं. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे मी माझा पासवर्ड अनोळखी व्यक्तीस दिला’ अशी त्याची सुरुवात होती.

“तोडणकर, इथे सही करा म्हणजे आपली फाइल पुढे सरकेल.”

तोडणकरांनी पेन घेतलं. बाई आपल्या टेबलावरून उठून आल्या आणि त्यांनी त्या कागदावर तळहात ठेवला.

“सही करू नका.”

“मॅडम, हा ग्राहकाचा आणि बँकेचा प्रश्न आहे,” अधिकारी म्हणाला.

“मी बँकच आहे,” बाई म्हणाल्या. आवाज अगदी खाली. “आपण मला एवढंच सांगा. ज्या दोन खात्यांत पैसे गेले ती उघडली कुणी? त्यांचे पत्ते कुणी तपासले? मी काल विचारून घेतलंय, त्यातल्या एका पत्त्यावर रिकामा प्लॉट आहे. ते खातं तोडणकरांनी उघडलं का? मी सकाळी फोन केला आणि संध्याकाळपर्यंत पैसे जाऊ दिले, ते तोडणकरांनी जाऊ दिले का? ईमेलमधून आत यायची सवय यांना कुणी लावली? आपण लावली. आता निष्काळजी कोण, हे या कागदावर नीट लिहून आणा. मग मीही सही करते.”

अधिकाऱ्याने कागद उचलला. जाताना तो देसाईसाहेबांच्या केबिनमध्ये बराच वेळ बसला.

तोडणकर त्यानंतर शाखेकडे फिरकले नाहीत. त्यांचा फोनही लागेना. एका रविवारी बाई माझ्या दारात. “साळवी, स्कूटर काढ. गोळपला जायचंय.”

बागेत झाडाखाली आंबे पडून सडत होते. पेट्या रिकाम्या रचून ठेवलेल्या. तोडणकरांच्या पत्नी, सुनंदावहिनी, दारात आल्या आणि बाईंना बघून तोंडाला पदर लावला. “खोलीतून बाहेर येत नाहीत. जेवत नाहीत. मला आत्ता चार दिवसांपूर्वी सांगितलं. तोवर घरातसुद्धा कुणाला बोलले नव्हते.”

तोडणकर खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. दाढी वाढलेली.

“लोक हसतायत, म्याडम,” ते न वळताच म्हणाले. “भाऊ म्हणाला, आंबेवाला तो आंबेवाला, कशाला पाहिजे होता कॉम्प्युटर? बरोबर आहे त्याचं. माझीच अक्कल गेली होती.”

आणि बाई कडाडल्या. इतक्या मोठ्याने मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. बाहेर कुत्रा भुंकायला लागला.

“चोरी त्याने केली आणि मान तुम्ही खाली घालता? तुमच्या घरात दरोडा पडला असता तर असे भिंतीकडे तोंड करून बसला असतात? सगळा गाव धावत आला असता! हा दरोडाच आहे. फरक इतकाच, की दरोडेखोर सभ्य कपड्यांत आला आणि त्याच्या अंगावर आमच्या बँकेचा रंग होता. तुम्ही लाजून घरात बसता ना, ते त्यांना हवंच आहे. चोरालाही हवंय आणि आमच्या साहेबांनाही! लाजलेला माणूस तक्रार करत नाही!”

तोडणकर वळले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते बाहीने पुसले. मग ते म्हणाले, “पण गिऱ्हाइकांना काय सांगू?”

“खरं ते सांगा. पैसे चोरीला गेले, आंबे पाठवतोय. वहिनी, चहा टाका. साखर नको मला. साळवी, तू पेट्या भरायला लाग.”

आम्ही दुपारभर पेट्या भरल्या. शेजारच्या बागेतली माणसं आली, गडीही आले. मजुरी मागाहून द्या म्हणाले. तोडणकरांचा भाऊही आला, मुकाट्याने गवत पसरायला लागला. त्या हंगामात तोडणकरांनी वहिनींच्या बांगड्या मोडल्या, पण ज्याने पैसे भरले होते त्या प्रत्येकाला पेटी मिळाली.

पोलिसांत तक्रार झाली, आणि बँकेविरुद्ध बँकिंग लोकपालाकडेही, म्हणजे बँकांवरच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्याकडे. लोकपालाकडच्या अर्जात कुठले प्रश्न विचारायचे ते बाईंनी तोडणकरांना सांगितलं, आणि लपूनछपून नाही, शाखेतल्या टेबलावर, सगळ्यांसमोर. बाईंना बँकेकडून खुलासा मागणारं पत्र आलं: बँकेच्या हिताविरुद्ध ग्राहकाला मदत केली, हे खरं आहे का? युनियनचा माणूस येऊन म्हणाला, “बाई, थोडं नमतं घ्या. गैरसमज झाला असं लिहा, मी मिटवतो.” बाईंनी उत्तर लिहिलं ते मला वाचून दाखवलं. ‘मदत केली हे खरं आहे. ग्राहकाचे पैसे सुरक्षित ठेवणे हे बँकेचे हित नसल्यास तसे कळवावे.’

वर्ष उलटून गेल्यावर बँक नमली. सुनावणीत आपल्याच शाखांच्या गोष्टी उघड्या पडतील हे कुणाच्या तरी लक्षात आलं असावं. तोडणकरांना बहुतेक पैसे परत द्यायचं ठरलं. पण पत्रात लिहिलं होतं, ‘सदिच्छा म्हणून’. आणि अट होती, की याची कुठेही वाच्यता करायची नाही.

“सदिच्छा!” बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. “दुसऱ्याचं परत करतायत आणि त्याला सदिच्छा म्हणतायत.”

“मग घेऊ नको?” तोडणकरांनी विचारलं.

“घ्या. ते तुमचे आहेत. वहिनींच्या बांगड्या आधी करा. आणि गप्प बसायची अट तुमच्यावर आहे ना? पाळा. माझ्यावर नाहीये.”

त्या दिवसापासून बाई काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला तोडणकरांचं नाव न घेता ती सगळी हकिगत सांगू लागल्या. ईमेल कशी आली, पान कसं हुबेहूब होतं, पैसे गेले तर पहिल्या तासात काय करायचं, आणि बँकेने निवेदनावर सही मागितली तर काय म्हणायचं. माणसं ऐकायला थांबायची. त्यातली दोघंतिघं दबक्या आवाजात म्हणाली, “आमच्याकडेही असंच झालं होतं. कुणाला सांगितलं नाही.”

पुढच्या जूनमध्ये बदलीचा हुकूम आला. भंडारा जिल्ह्यातली एक शाखा. मुलगी दहावीत गेली होती, सासू अंथरुणाला खिळलेली. बाईंनी एक अर्ज केला, फेटाळला गेला. रिकाम्या प्लॉटच्या पत्त्यावर खातं उघडून देणाऱ्या बँकेतल्या माणसाला काय झालं, हे मी पुढे मुद्दाम शोधून काढलं. त्याला बढती मिळाली होती. तो सुगंधी अधिकारीही वर चढला. हे मी शांतपणे लिहू शकत नाही आणि मला लिहायचंही नाही.

देसाईसाहेबांनी निरोप समारंभ ठेवला होता. बाई म्हणाल्या, “शाल नको. कामाची वेळ आहे.” आणि शेवटच्या मिनिटापर्यंत एंट्र्या तपासत बसल्या.

रत्नागिरी स्टेशनवर त्यांना पोचवायला नवरा आणि मुलगी होती, मी होतो, तोडणकर आणि वहिनी होते. वहिनींच्या हातात नव्या बांगड्या होत्या. सगळे उगाच प्रवासाबद्दल बोलत होते, पाणी घेतलंस का, मुंबईला गाडी कुठे बदलायची. बाई मुलीची वेणी पुन्हा घालत होत्या, जरा जास्तच घट्ट. “गणिताला घाबरू नको. आजीला औषध वेळेवर दे. आणि मला रोज फोन नको, बिल येतं.” मुलगी मान हलवत होती. गाडी आली तसं तिला रडू फुटलं. बाई डब्यात चढल्या, खिडकीशी बसल्या आणि गजांतून हात बाहेर काढून तिच्या गालावर ठेवला. बाईंचा चेहरा दगडासारखा होता.

समोरच्या बाकावर एक गृहस्थ कानाला मोबाइल लावून बसला होता. दुसऱ्या हातात कार्ड. फलाटावरच्या गलक्यात पलीकडच्याला ऐकू जात नसावं, म्हणून तो ओरडून एकेक आकडा सांगत होता. “हां, लिहा, पुढचे चार...”

बाईंचा हात गजांतून आत गेला. मान वळली. गाडी हलली.

आम्ही खिडकीबरोबर चालायला लागलो. गाडीच्या खडखडाटात आम्हाला एक शब्द ऐकू येत नव्हता. दिसत होतं ते एवढंच, की बाई उठून उभ्या राहिल्या होत्या, त्यांचं बोट त्या माणसाच्या नाकासमोर होतं, आणि त्याने मोबाइल कानावरून खाली घेतला होता. वरच्या बाकांवरून माणसं वाकून बघायला लागली होती. माझ्या शेजारी ती रडणारी मुलगी एकदम हसायला लागली, नाक पुसत, खिडकीबरोबर पळत. फलाट संपला तिथे आम्ही थांबलो. बाई अजून उभ्याच होत्या, आणि डबा लांब जाईपर्यंत त्यांचं बोट काही खाली आलं नाही.